विंचेस्टर मॉडेल ५२

विंचेस्टर मॉडेल ५२ ही .२२ लाँग रायफल या रिमफायर काडतुसासाठी बनविलेली बोल्ट-अ‍ॅक्शन पद्धतीची अमेरिकन नेमबाजी रायफल आहे. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनीने १९२० ते १९८० या साठ वर्षांत तिचे उत्पादन केले. या काळात सुमारे सव्वा लाख रायफली तयार झाल्या. लहान कॅलिबरच्या नेमबाजी स्पर्धांमध्ये अमेरिकेत तिने अनेक दशके अग्रस्थान राखले, त्यामुळे 'पॉइंट टू-टू रायफलींचा राजा' अशी तिची ख्याती झाली. नेमबाजांच्या गरजांनुसार तिच्या रचनेत टप्प्याटप्प्याने बदल होत गेले. परिणामी या एकाच मॉडेलच्या आवृत्त्यांमधून विसाव्या शतकातील अचूक नेमबाजीच्या तंत्राचा विकास क्रमाने पाहता येतो. उत्पादन थांबल्यानंतरही संग्राहक व हौशी नेमबाज यांच्यात ती मानाची वस्तू मानली जाते.

## संक्षिप्त माहिती

* प्रकार: बोल्ट-अ‍ॅक्शन लक्ष्यवेधी रायफल
* मूळ देश: अमेरिका
* रचनाकार: थॉमस क्रॉसली जॉन्सन, फ्रँक बर्टन
* उत्पादक: विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी
* उत्पादनकाळ: १९२०–१९८०
* काडतूस: .२२ लाँग रायफल
* नळीची लांबी: २८ इंच (सुमारे ७१ सेंमी), स्पोर्टर आवृत्तीत २४ इंच (सुमारे ६१ सेंमी)
* काडतुसांची सोय: पाच काडतुसांचे काढघाल करता येणारे मॅगझिन, 'डी' आवृत्तीत एकेक काडतूस भरण्याची पद्धत

## पार्श्वभूमी

रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण पितळी कवचाच्या तळाच्या कडेत, म्हणजे 'रिम'मध्ये भरलेले असते. फायरिंग पिन या कडेवर आदळली की मिश्रण पेटते व दारूला आग लागते. या जातीतील .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेतील जे. स्टीव्हन्स कंपनीने आणले. त्याची गोळी सुमारे ५.६ मिमी व्यासाची व साधारणतः २.६ ग्रॅम वजनाची असते. कमी खर्च, कमी आवाज आणि जवळजवळ नगण्य धक्का या गुणांमुळे ते सरावासाठी व स्पर्धांसाठी सोयीचे ठरले.

दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैनिकांच्या नेमबाजीतील उणिवा उघड झाल्या. त्यानंतर लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांसाठी लहान कॅलिबरच्या नेमबाजी मंडळांची चळवळ वाढली. अमेरिकेतही हा खेळ लोकप्रिय झाला आणि १९०९ पासून दोन्ही देशांच्या संघांत ड्युअर चषकासाठी सामने होऊ लागले. या सामन्यात प्रत्येक संघाचे वीस नेमबाज ५० व १०० यार्डांवर प्रत्येकी वीस गोळ्या झाडत. संघ आपापल्या देशातच नेमबाजी करीत आणि गुणांची तुलना नंतर होई.

त्या काळातील ब्रिटिश नेमबाज प्रामुख्याने मार्टिनी पद्धतीच्या एकगोळी रायफली वापरत. अमेरिकन नेमबाजांकडे स्टीव्हन्स, बॅलार्ड आणि विंचेस्टर कंपन्यांच्या जुन्या एकगोळी रायफली होत्या. या रायफलींची मूळ रचना एकोणिसाव्या शतकातील होती. केवळ .२२ काडतुसासाठी पूर्णपणे नव्याने आखलेली, मोठ्या रायफलीच्या आकाराची व मजबुतीची बोल्ट-अ‍ॅक्शन स्पर्धा रायफल अमेरिकेत उपलब्ध नव्हती.

## निर्मिती

पहिल्या महायुद्धात विंचेस्टरने ब्रिटन व अमेरिकेच्या सैन्यांसाठी मोठ्या प्रमाणावर रायफली बनविल्या. त्यासाठी कारखान्याचा विस्तार झाला होता. १९१८ मध्ये युद्ध थांबल्यावर ही उत्पादनक्षमता रिकामी पडली. याच सुमारास थॉमस क्रॉसली जॉन्सन आणि फ्रँक बर्टन यांनी नव्या .२२ रायफलीचे काम हाती घेतले. जॉन्सन हे कंपनीचे अनुभवी रचनाकार होते. मॉडेल १२ ही प्रसिद्ध शॉटगन व कंपनीच्या आरंभीच्या स्वयंभरणी रायफली त्यांच्याच नावावर आहेत.

नव्या रायफलीचे नमुने १९१९ मध्ये न्यू जर्सीतील कॉल्डवेल येथे झालेल्या राष्ट्रीय सामन्यांत नेमबाजांसमोर ठेवण्यात आले. १९२० पासून ती 'मॉडेल ५२' या नावाने बाजारात आली. आरंभीच्या रायफलींचा लाकडी दस्ता लष्करी रायफलीसारखा होता, कारण सैन्याच्या प्रशिक्षणासाठीही ती विकली जाईल अशी कंपनीची अपेक्षा होती. मात्र अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेने स्वतःची एम १९२२ ही .२२ प्रशिक्षण रायफल तयार केली. त्यामुळे मॉडेल ५२ चा मुख्य ग्राहक नागरी स्पर्धक हाच राहिला. पुढील सर्व सुधारणांची दिशा या वस्तुस्थितीने ठरविली.

युद्धोत्तर काळात विंचेस्टरने हत्यारांखेरीज घरगुती अवजारे व इतर वस्तूंच्या व्यवसायातही पैसा गुंतविला. तो प्रयोग फसला आणि १९३१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑलिन कुटुंबाच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने ती विकत घेतली. नव्या मालकांच्या काळात मॉडेल ५२ चे उत्पादन चालू राहिले व तिच्यातील महत्त्वाचे बदलही याच काळात झाले.

## रचना व कार्यपद्धती

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत नळीच्या मागील तोंडाशी दाराच्या कडीप्रमाणे पुढे-मागे सरकणारा पोलादी दांडा असतो. त्यालाच बोल्ट म्हणतात. मूठ वर उचलून बोल्ट मागे ओढला की रिकामे कवच बाहेर फेकले जाते. तो पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत जाते आणि मूठ खाली केली की बोल्ट जागेवर पक्का बसतो. मॉडेल ५२ मध्ये बोल्टची पकड त्याच्या मागील भागात असते. मोठ्या लष्करी काडतुसांसाठी बोल्ट पुढच्या टोकाशी अडकविणे इष्ट मानले जाते. .२२ काडतुसाचा दाब तुलनेने बराच कमी असल्याने येथे मागील पकड पुरेशी ठरते.

या रायफलीच्या अचूकतेमागे पुढील घटक महत्त्वाचे मानले जातात :

* जड व कडक रिसीव्हर : बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, .२२ काडतुसाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक भक्कम ठेवण्यात आला. गोळी सुटताना होणारी कंपने त्यामुळे मर्यादित व एकसारखी राहतात.
* नळी : नळीच्या आतील पिळाच्या खाचा सोळा इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. हे प्रमाण .२२ लाँग रायफल काडतुसासाठी सर्वमान्य आहे. कालांतराने प्रमाणित नळीबरोबर अधिक जाड व जड नळ्यांचे पर्याय उपलब्ध झाले.
* ट्रिगर : ट्रिगरचा दाब व पुढील हालचाल नेमबाजाला जुळवून घेता यावी यासाठी वेळोवेळी नवी यंत्रणा बसविण्यात आली.
* दस्ता : अमेरिकन अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता नेमबाजाच्या बसण्याच्या व पालथे झोपण्याच्या स्थितीला अनुरूप असा हळूहळू जाड व उंच होत गेला.

लक्ष्यवेधी .२२ काडतुसाची गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने सुटेल अशी बनविलेली असते. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळीचा मार्ग अस्थिर होतो आणि हे टाळण्यासाठीच वेग मुद्दाम मर्यादित ठेवतात. वेग कमी असल्याने गोळी नळीत अधिक काळ राहते. त्या क्षणभरात रायफल हलली तर नेम चुकतो. म्हणून ट्रिगर सुटण्यापासून फायरिंग पिन आदळेपर्यंतचा काळ, ज्याला 'लॉक टाइम' म्हणतात, तो शक्य तितका कमी असणे या प्रकारात फार महत्त्वाचे असते. मॉडेल ५२ मधील पहिली मोठी सुधारणा याच मुद्द्याशी निगडित होती.

## आवृत्त्या

रायफलीच्या अनुक्रमांकापुढील इंग्रजी अक्षरावरून तिची आवृत्ती ओळखता येते. अक्षर नसलेल्या आरंभीच्या रायफलींना संग्राहक 'प्री-ए' म्हणतात.

* मूळ मॉडेल ५२ (१९२० पासून) : लष्करी धाटणीचा सडपातळ दस्ता व पाच काडतुसांचे मॅगझिन. तिचा लॉक टाइम तुलनेने मोठा होता आणि ही स्पर्धकांची मुख्य तक्रार होती.
* 'स्पीड लॉक' (१९२९) : फायरिंग पिनचा प्रवास कमी करून यंत्रणा वेगवान करण्यात आली. ही सुधारणा असलेल्या आरंभीच्या रायफलींवर अक्षर आढळत नाही.
* ५२ए (१९३० च्या दशकाच्या मध्यास) : रिसीव्हर व अंतर्गत भागांत मर्यादित बदल असलेली अल्पकाळ टिकलेली आवृत्ती.
* ५२बी (१९३५ पासून) : जुळवून घेता येणारा नवा ट्रिगर. याच काळात पसरट पुढचा भाग व उंच गालटेक असलेला 'मार्क्समन' दस्ता आला, ज्यामुळे दुर्बीण लावून नेम धरणे सोपे झाले. अनेक संग्राहकांच्या मते बांधणी व फिनिश या दृष्टीने हा काळ सर्वोत्तम होता.
* ५२सी (१९४७ पासून) : 'मायक्रो-मोशन' नावाचा अतिशय हलका व स्वच्छ सुटणारा ट्रिगर हे तिचे वैशिष्ट्य होते.
* ५२डी (१९६१ पासून) : मॅगझिन काढून टाकून केवळ एकेक काडतूस भरण्याची रचना स्वीकारण्यात आली. त्यामुळे रिसीव्हरचा तळ अधिक भक्कम झाला. नळी दस्त्याला कोठेही न टेकता मोकळी राहील अशी बसविण्यात आली आणि दस्त्याच्या पुढील भागाखाली हाताचा आधार सरकविण्यासाठी धातूची पट्टी दिली गेली.
* इंटरनॅशनल : १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खास आवृत्त्या निघाल्या. त्यांत अंगठ्यासाठी छिद्र असलेला व मागील भाग लांब-आखूड करता येणारा दस्ता होता.

### स्पोर्टर

१९३४ मध्ये कंपनीने याच यंत्रणेवर आधारित हलकी 'स्पोर्टर' आवृत्ती आणली. तिला २४ इंचांची बारीक नळी, बारीक नक्षीदार पकड असलेला निवडक अक्रोडाचा दस्ता व गडद रंगाचे टोक होते. खारीसारख्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी ती अभिप्रेत होती, परंतु तिची किंमत साध्या .२२ रायफलीच्या अनेक पट असल्याने खप मर्यादित राहिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आज मॉडेल ५२ च्या सर्व प्रकारांत मूळ स्पोर्टर सर्वाधिक मागणी असलेल्यांपैकी आहे. १९९० च्या दशकात जपानमधील मिरोकु कंपनीने ब्राउनिंग व विंचेस्टर या नावांखाली स्पोर्टरच्या मर्यादित प्रतिकृती तयार केल्या.

## स्पर्धांतील स्थान व ऱ्हास

१९२० ते १९५० या काळात अमेरिकेतील लहान कॅलिबरच्या स्पर्धांवर मॉडेल ५२ चे वर्चस्व होते. १९३७ मध्ये रेमिंग्टन कंपनीने मॉडेल ३७ 'रेंजमास्टर' ही रायफल तिच्याशी स्पर्धा करण्यासाठीच काढली. १९५० च्या दशकात रेमिंग्टनची ४०एक्स ही रायफलही पुढे आली. महाविद्यालयीन संघ, सैन्यदलांचे नेमबाज व नागरी मंडळे यांच्याकडे मॉडेल ५२ मोठ्या संख्येने होत्या. अनेक स्पर्धक कारखान्यातून आलेली नळी बदलून नामांकित बंदूक कारागिरांकडून नवी नळी बसवून घेत. लायमन, रेडफिल्ड व मार्बल-गॉस या कंपन्यांच्या छिद्रयुक्त साइट किंवा लांब लक्ष्यवेधी दुर्बिणी तिच्यावर लावल्या जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतील उल्म शहरात अंशुत्झ व वाल्थर या कंपन्यांनी नव्याने जम बसविला. अंशुत्झची १९५४ मधील 'मॅच ५४' यंत्रणा नव्या आंतरराष्ट्रीय नियमांचा विचार करून आखलेली होती. तिचा लॉक टाइम कमी होता आणि तिचे ट्रिगर व दस्ते नेमबाजाच्या शरीराला अधिक बारकाईने जुळवता येत. १९६० व १९७० च्या दशकांत उच्चस्तरीय स्पर्धांत जर्मन रायफलींनी मॉडेल ५२ ला मागे टाकले.

तांत्रिक कारणांइतकेच आर्थिक कारणही महत्त्वाचे होते. मॉडेल ५२ चे भाग भरीव पोलादातून यंत्रावर कापून व हाताने जुळवून तयार केले जात. मजुरीचा खर्च वाढत गेला तशी ही पद्धत कंपनीला परवडेनाशी झाली. १९६४ मध्ये विंचेस्टरने आपल्या अनेक प्रसिद्ध बंदुकींची रचना स्वस्त उत्पादनासाठी बदलली आणि ग्राहकांची नाराजी ओढवून घेतली. मॉडेल ५२ ला असे स्वस्त रूप देण्यात आले नाही. ती प्रतिष्ठेचे उत्पादन म्हणून चालू राहिली, पण तिची विक्री खर्चाच्या मानाने घटत गेली. १९७९–८० मध्ये न्यू हेवनच्या कारखान्यात दीर्घ संप झाला. १९८० मध्ये मॉडेल ५२ चे उत्पादन बंद झाले आणि पुढच्या वर्षी कारखाना यू.एस. रिपीटिंग आर्म्स कंपनी या नव्या कंपनीकडे गेला.

## संग्राहकांमधील महत्त्व

### मूळ स्थिती

मॉडेल ५२ चे मूल्य ठरविताना ती किती अचूक मारा करते याबरोबरच ती कारखान्यातून निघाली त्या स्थितीत आहे का, हे पाहिले जाते. येथे एक अंतर्विरोध आहे. ही रायफल स्पर्धेसाठी बनविलेली असल्याने जिने सर्वाधिक सामने पाहिले तिच्यात सर्वाधिक फेरफार झालेले असतात. दस्ता तासणे, दुर्बिणीसाठी नवी भोके पाडणे, नळी किंवा ट्रिगर बदलणे ही तिच्या मालकांची नित्याची कामे होती. अशा रायफली नेमबाजासाठी उत्तम असल्या तरी संग्राहकांच्या बाजारात त्यांना कमी किंमत येते. काही अभ्यासक मात्र जुने, प्रसिद्ध कारागिरांनी केलेले बदल हे रायफलीच्या इतिहासाचाच भाग मानतात.

जुळणी तपासण्यासाठी अनुक्रमांक व त्यापुढील अक्षर, नळी व रिसीव्हर या दोन्हींवरील 'डब्ल्यूपी' हा विंचेस्टरचा चाचणी शिक्का, तसेच दस्त्याची त्या काळाशी सुसंगतता पाहतात. स्पोर्टरच्या बाबतीत अधिक सावधगिरी लागते, कारण जड लक्ष्यवेधी रायफलीची नळी कापून व नवा दस्ता बसवून तिला स्पोर्टरचे रूप दिल्याची उदाहरणे बरीच आहेत. जुन्या पोलादावरील मूळ निळसर झिलई घासून नव्याने चढविली असल्यासही मूल्य घटते.

### नळीची स्थिती

.२२ काडतुसाचा कमी दाब व शिशाची मऊ गोळी यांमुळे नळी सहसा गोळीबाराने झिजत नाही. तिचे नुकसान बहुधा गंजाने किंवा चुकीच्या सफाईने होते. १९२० च्या दशकापर्यंतच्या काडतुसांतील स्फोटक मिश्रण जळाल्यावर नळीत क्षार मागे राहत. ते ओलावा शोषून पोलादाला गंज आणीत. त्या दशकाच्या उत्तरार्धात रेमिंग्टनच्या 'क्लीनबोअर'सारखी गंज न आणणारी काडतुसे आली. म्हणून सर्वांत जुन्या मॉडेल ५२ मध्ये खड्डे पडलेल्या नळ्या अधिक आढळतात.

### देखभाल

* सफाईची कांडी शक्यतो नळीच्या मागील तोंडातून घालतात. पुढील तोंडाची कड कांडीने झिजल्यास अचूकता कमी होते.
* काडतूस नसताना ट्रिगर दाबणे टाळतात. रिमफायर रायफलीत फायरिंग पिन थेट नळीच्या कडेवर आदळून तेथे खाच पडण्याची शक्यता असते.
* ट्रिगरचा दाब अतिशय कमी केल्यास बोल्ट जोराने बंद करताना गोळी आपोआप सुटण्याचा धोका उद्भवतो. जुनी रायफल वापरण्यापूर्वी जाणकार कारागिराकडून तपासून घेणे आवश्यक मानले जाते.
* दस्त्याच्या लाकडाला दमट हवेपासून जपतात. लाकूड फुगल्यास रिसीव्हरवरील दाब बदलून नेम सरकतो.

विंचेस्टर कंपनीचा स्वतःचा ऐतिहासिक शस्त्रसंग्रह वायोमिंग राज्यातील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात ठेवलेला आहे.

## कायदेशीर बाजू

अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक सक्तीचा झाला. त्यापूर्वी अनेक स्वस्त .२२ रायफली अनुक्रमांकाविना विकल्या जात, परंतु मॉडेल ५२ वर तो आरंभापासून होता. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्थितीतील बंदुकींना संघीय नियमांत ऐतिहासिक वस्तूंचा वेगळा वर्ग लागू होतो आणि त्यासाठी संग्राहकांना स्वतंत्र परवाना मिळू शकतो. राज्यांचे कायदे याखेरीज लागू होतात.

भारतात कोणत्याही रिमफायर रायफलीसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकींची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. क्रीडा नेमबाजांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. १९८० च्या दशकापासून खासगी व्यक्तींनी परदेशी बंदुका आयात करण्यावर कडक निर्बंध असून मान्यताप्राप्त नेमबाजांना त्यात सवलत मिळते.

## भारतीय नेमबाजीशी संबंध

मॉडेल ५२ ज्या काडतुसासाठी घडविली गेली तेच .२२ लाँग रायफल काडतूस आजच्या ५० मीटर रायफल प्रकारात वापरले जाते. या प्रकारातील लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिमी असतो. मूळच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा रायफलीशी पहिला परिचय राष्ट्रीय छात्रसेनेतील .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन प्रशिक्षण रायफलीद्वारे होतो. ती मॉडेल ५२ पेक्षा साधी असली तरी बोल्टची हालचाल, रिमफायर काडतूस व नेम धरण्याची मूलतत्त्वे दोन्हींत समान आहेत.

## हे सुद्धा पहा

* .२२ लाँग रायफल
* बोल्ट-अ‍ॅक्शन
* ५० मीटर रायफल तीन स्थिती
* तेजस्विनी सावंत
* स्वप्नील कुसाळे
* राष्ट्रीय छात्रसेना